अजिंक्ययामाची शेवटची जोड

"पास," सुजित म्हणाले.

"माझाही पास," सासूबाई म्हणाल्या.

तात्यांनी डाव्या हातानं इस्पिकची अठ्ठी लावली. फिरून पाळी आली, पुन्हा दोघांचा पास. तात्यांनी हातातलं शेवटचं पान लावलं आणि बदाम सातचा तिसरा डाव जिंकला. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. "बघा, डोकं कसं चालतंय अजून!" असंही वर म्हणाल्या.

तात्या हसले नाहीत. उजव्या बाजूचा ओठ तेव्हा जरा ओघळलेला असायचा, त्यामुळं त्यांच्या मनातलं लवकर कळायचं नाही.

"पानं उलटी करा," ते म्हणाले.

"अहो तात्या, झाला की डाव..."

"उलटी कर म्हणतो ना."

सुजितनी पानं उलटी केली. त्यात इस्पिकची नव्वी होती. अठ्ठी लागली तेव्हाच ती लावता आली असती. सासूबाईंकडं चौकटची छक्की निघाली, तीही कधीचीच लागण्यासारखी. तात्यांनी मग माझ्याकडं बघितलं. मी माझी पानं पुढं केली. माझ्या हातात इतकी फुटकी पानं आली होती, की लबाडी करायची म्हटली तरी जागा नव्हती. पण तात्यांना ते कोण सांगणार? त्यांनी माझी पानं नीट बघितली आणि मान हलवली.

"ही एकटी खेळत होती," ते म्हणाले. "तुम्ही दोघं मला घास भरवत होता."

त्या दिवसापासून घरातले पत्ते बंद झाले.

तात्या म्हणजे माझे सासरे. साताऱ्यात त्यांचं फोटो फ्रेमिंगचं दुकान, फडतरे फ्रेम वर्क्स. गणपतीत त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात आणि पाय लुळा पडला. पाय पुढं बराच सुधारला. हात मात्र पेला धरायचा आणि मध्येच सोडून द्यायचा. दुकानाचं शटर तेव्हापासून बंद होतं. माझा नवरा सुजित बँकेत, त्यांना फ्रेमची ना आवड ना सवड. मी घरी बसून एका कंपनीची बिलं कॉम्प्युटरवर भरत असे, म्हणून तात्यांचे व्यायाम, गोळ्या आणि रुसवे आपसूक माझ्याकडं आले. सासूबाईंना मी आत्या म्हणते. तर आत्या आणि सुजित यांनी या माणसाला तळहाताच्या फोडासारखं जपायचं ठरवलं होतं. वादात त्यांचंच खरं, कॅरममध्ये त्यांचीच राणी. प्रेमापोटीच सगळं, पण तात्यांना त्या प्रेमाचा उबग आला होता.

पत्ते बंद झाल्यावर तात्या दुपारभर टीव्ही बघत बसायचे. त्यात एकदा त्यांना जपानी चॅनेलवर सुमो सापडलं. मी ताक घेऊन गेले तर ते पुढं सरकून बसलेले.

"पोरी, हे बघ. दोन हत्ती लंगोट लावून भिडल्यात. आणि ह्यो पाठ टेकली न्हाई तरी हरला! आसं कसं?"

मी फोनवर शोधून सांगितलं, की तिथं पाठ टेकावी लागत नाही. गोलाच्या बाहेर नुसती टाच पडली किंवा हाताचं बोट जमिनीला लागलं तरी खेळ खलास.

"म्हणजे आपल्या कुस्तीपेक्षा कडक," तात्या म्हणाले. "चूक झाली की संपलं. बरं हाय."

शोधता शोधता मला तो खेळ सापडला. जगभरातल्या काही हौशी लोकांनी इंटरनेटवर चालवलेला. पैशाचा व्यवहार नाही, बक्षीस नाही. जपानात सुमोची मोठी स्पर्धा पंधरा दिवस चालते, त्या दिवसांत रोज दुपारी बारापर्यंत आपण सांगायचं, की आज कोणत्या जोडीत कोण जिंकणार. गंमत अशी, की खेळणाऱ्यांचीही रोज आपसात जोड लागायची. तुमची जोड फिनलंडच्या कुणाशी लागली, तर तुम्हा दोघांत ज्याचे अंदाज जास्त बरोबर, तो त्या दिवशी जिंकला. दुपारी बारानंतर एकमेकांचे अंदाज दिसायचे, त्याआधी नाही. आणि हिशोब सुमोचाच: पंधरापैकी आठ जिंकलात तर वर चढलात, सातच जिंकलात तर खाली घसरलात. मधलं काही नाही.

प्रत्येकाला मल्लासारखं नाव घ्यावं लागे. यामा म्हणजे डोंगर, हे मी वाचून सांगितलं. तात्यांनी खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मग आपण अजिंक्ययामा." त्यांना नियम समजावायचे तर आधी आपल्याला कळायला हवेत, म्हणून मीही नाव घातलं. हाना म्हणजे फूल. मी झाले कासनोहाना, कासच्या पठारावरचं फूल. तात्या त्यावर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

नोव्हेंबरातल्या स्पर्धेत अजिंक्ययामानं सपाटून मार खाल्ला. त्याला कारण तात्यांची कुस्तीतली नजर. गावोगावच्या जत्रेतल्या कुस्त्या बघून त्यांचा डोळा तयार झालेला. ते मांड्या बघायचे, मान बघायचे, दम किती ते बघायचे. सुमोची जोड तर बऱ्याचदा चार-पाच सेकंदांत आटोपते, तिथं दम कुणाला पुरवायचा? पंधरापैकी चारच दिवस ते जिंकले. खाली घसरले म्हणावं तर खाली जागाच नव्हती, आम्ही तळाशीच होतो. पण काय चेहरा खुलला त्यांचा!

"अकरा जणांनी हाणलं मला," आत्यांना ते सांगत होते. "हंगेरीचा मास्तर, ब्राझीलची एक बाई, कुणी कुणी सोडलं न्हाई."

"आणि त्यात हसण्यासारखं काय?" आत्या म्हणाल्या.

डिसेंबरात तात्यांनी जुन्या जोडी बघण्याचा सपाटा लावला. एका हाताच्या एका बोटानं टॅबलेटवर मागंपुढं करत, पहिल्या धडकेत कुणाचं पाऊल कुठं पडतं ते बघत बसायचे. मी मदतीला गेले की हात झटकायचे.

जानेवारीची स्पर्धा तोंडावर असताना सुजित दुकानाचा विषय घेऊन आले. एका मोबाइलवाल्याला तो गाळा हवा होता. भाव चांगला देत होता आणि सुजितनी कागदही करून आणले होते.

"तात्या, हात असा असताना काच कापणार कशी तुम्ही? एखादी शीर तुटली म्हणजे?"

"डावा हाय की."

"आणि गिऱ्हाइकाचं माप चुकलं, गिऱ्हाईक बोललं, तर तुम्हाला सहन होणार आहे का? डॉक्टर म्हणालेत डोक्याला त्रास नको."

"म्हणजे हात गेला, का डोकं गेलं? एक काय ते सांग."

आत्यांनी पदर डोळ्याला लावला. तात्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडं एकदा बघून घेतलं.

"माझं डोकं चालतंय का न्हाई, हे तुम्हाला इचारून उपयोग न्हाई. तुम्ही चालतंयच म्हणणार आणि मागनं शटर विकणार. मला इचारूनबी उपयोग न्हाई. आपण त्या लोकांना इचारू."

"कुणाला?"

"त्या हंगेरीच्या मास्तरला. ब्राझीलच्या बाईला. ते मला वळखत न्हाईत. ह्या टायमाला आठ झाले तर दुकान उघडणार, कुणी आडवं यायचं न्हाई. सात झाले तर मी दुकानावरचा हक्क सोडणार, सही करणार. मुकाट्यानं."

सुजितनी माझ्याकडं बघून डोळे मिचकावले, म्हातारा भलत्याच नादाला लागलाय अशा अर्थानं, आणि तोंडानं "बरं" म्हणाले. तात्यांनी मात्र उजवा हात डाव्यानं उचलून पुढं केला आणि त्यांच्याशी हातावर हात मारला. सुजितना तो खेळ वाटत होता. तात्यांना मात्र आपल्याला न ओळखणाऱ्या पंचांसमोर उभं राहायचं होतं.

स्पर्धा सुरू झाली. जपानातले वरच्या फळीतले मल्ल आपल्या पाऊण वाजता गोलात उतरतात आणि अडीचपर्यंत सगळं आटोपतं. घरातली जेवणं पुढंमागं व्हायला लागली. पहिल्या आठवड्यात तात्या हरतच चालले होते. आठव्या दिवशी तीन जिंकलेले, पाच हरलेले. सुजित घरी आल्यावर आधी त्यांच्या तोंडाकडं बघायचे, मग माझ्याकडं. मग तात्यांची गाडी रुळावर आली. ओळीनं चार जिंकले. त्यांना एक गोष्ट सापडली होती, ती त्यांनी मला कधी सांगितली नाही. विचारलं तर म्हणायचे, "तू समोरच्या पार्टीतली." शुक्रवारी हरले. शनिवारी जिंकले असते तर आठ झाले असते, तर शनिवारीच हंगेरीच्या मास्तरनं त्यांना एका गुणानं पाडलं. हिशोब झाला सात आणि सात.

माझे तोवर आठ झाले होते. मी सुटले होते.

शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास रविवारच्या जोडी लागल्या. मी भांडी आवरत होते. तात्यांनी हाक मारली नाही, म्हणून बघायला गेले. टॅबलेट त्यांच्या मांडीवर होता. चष्मा काढून ते बनियनला पुसत होते.

अजिंक्ययामा विरुद्ध कासनोहाना.

"आता गं?" तात्या म्हणाले.

तात्यांनी चष्मा चढवला.

"उद्या दुपारपतूर तुझं माझं बोलणं बंद. गोळ्या मी माझ्या घेतो."

संध्याकाळी मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते, तिथं सुजित आले. कधी नव्हे ते चिमटे काढून द्यायला लागले, तेव्हाच मी ओळखलं.

"वृषाली, उद्या तेवढं बघ."

"काय बघू?"

"तुला आठ झालेत. उद्या हरलीस तर तुझं काय जातंय?"

"अहो, दुकान विकायचं तुम्हालाच होतं ना?"

ते कठड्यापाशी जाऊन उभे राहिले. "होतं. अजूनही वाटतं विकावं. पण गेले आठ दिवस त्यांचं तोंड बघतोय मी. सही करताना त्यांच्या हाताला पेन कोण धरून देणार? मीच ना? माझ्यानं नाही व्हायचं ते. उघडू देत दुकान. दोन-चार महिने बसतील, मग आपणच कंटाळतील. काच मी बाहेरून कापून आणून देत जाईन. गिऱ्हाइकांनाही सांगून ठेवू, की काही बोलू नका म्हणून."

"म्हणजे तिथंही पासच म्हणायचं."

"तू शब्दात पकडू नको मला. आणि हरायचं तर जरा बेतानं हर. एकदम उलटंसुलटं भरलंस तर त्यांच्या लक्षात येईल. अगदी अटीतटीच्या दोन-तीन जोडी असतात, तेवढ्यात घालव."

माझा नवरा वाईट माणूस नाही. चादरीची दोन टोकं धरून त्यांनी माझ्याबरोबर कडेला कड जुळवत घडी घातली. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही.

रविवारी सकाळी मला गळ घालायची पाळी आत्यांची. कणीक मळता मळता त्या एकदम म्हणाल्या, "तुझं पोट भरलंय. त्यांच्या ताटातला घास कशाला ओढतीस?"

"मी काही ओढत नाही आत्या."

"चाळीस वर्षं त्या दुकानात काढल्यात त्यांनी. ते दुकान गेलं तर माणूस जाईल गं माझा."

मला राग आला, रडू आलं आणि पोळी करपली. सगळ्यांना तात्यांची काळजी होती, आणि मला काय नव्हती? त्यांनी जिंकावं असं मला त्या दोघांपेक्षा जास्त वाटत होतं. महिनाभर तो माणूस एका बोटानं कशाशी झुंजत होता हे मी रोज बघितलं होतं. पण मी सोडलेली जोड घेऊन ते दुकान उघडायला गेले, तर त्यांच्या हातात काय होतं? माझं दान. आणि त्यांना कळलं नसतं असं जरी धरलं, तरी मला तर कळलं असतं. रोज सकाळी त्यांना चहा मी कोणत्या तोंडानं दिला असता? पत्त्यांच्या दिवशी त्यांनी मला खरी म्हणून टाकलं होतं. ते फुकट मिळालेलं होतं, पण मिळालं होतं.

अकरा वाजता मी फोन घेऊन ओट्याशी बसले आणि एकेक जोड बघायला लागले. बऱ्याचशा सरळ होत्या, तिथं तात्याही तेच भरणार. अडत होतं ते एका जोडीपाशी. इसोनोकावा नावाचा छत्तिशीतला मल्ल, गुडघ्याला पट्ट्यांचं हे जाड बोचकं, सात जिंकलेला सात हरलेला. त्याच्यासमोर हायाकुमो, पोरगेला गडी, दहा जिंकून मोकळा. सुमो बघणाऱ्यांत एक समजूत आहे: शेवटच्या दिवशी सात-सातवाला जिंकतो. कुणी मुद्दाम हरतो असं नाही, पण ज्याचं भरलंय त्याचा जोर थोडा कमी पडतो आणि ज्याचं अडलंय तो जिवावर उदार होतो. तिथले सगळे जुने खेळाडू इसोनोकावाच भरणार हे उघड होतं. तात्या तर भरणारच. हा म्हातारा गडी त्यांचा लाडका होता.

मीही त्याच्यावर बोट नेलं. मग थांबले. हायाकुमोच्या दोन आठवड्यांच्या जोडी मी बघितल्या होत्या. एकदाही त्यानं समोरच्याचं नाव बघून जोर कमी केला नव्हता. मला मनापासून काय वाटतं? पोरगं जिंकेल असं वाटतं. मग तेच भरायचं. मी भरलं. आणखी दोन जोडीतही डोक्याला पटलं ते भरलं, आणि बटण दाबलं. देव्हाऱ्यापुढं जाऊन मात्र सांगून आले, की देवा, माझे आज सगळे अंदाज चुकू देत. देव काय म्हणाला असेल कोण जाणे.

बारा वाजले. अंदाज उघडे झाले. मी बघितलं, आमच्या दोघांत फक्त तीन जोडींचा फरक होता. बाकी सगळं सारखं.

पाऊण वाजता चौघंही त्यांच्या खोलीत जमलो. सुजितनी माझे अंदाज फोनवर बघितले आणि माझ्याकडं अशी नजर टाकली, की मी दुसरीकडं बघायला लागले. तात्या खुर्चीत ताठ बसले होते. दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता.

फरकाची पहिली जोड तात्यांची झाली. आत्यांनी हात जोडले. दुसरी माझी झाली. मग अर्धा तास आम्ही दोघांनी सारखेच भरलेले मल्ल हरत-जिंकत राहिले. शेवटी इसोनोकावा गोलात चढला. रिवाजाप्रमाणं त्यानं गोलात मूठभर मीठ उधळलं. पायऱ्या चढताना गुडघा धरला होता, पण खाली बसला तो डोंगरासारखा.

"चल रं," तात्या त्याला हळूच म्हणाले.

दोघं भिडले. इसोनोकावानं पोराच्या लंगोटाचा पट्टा धरलाही. क्षणभर वाटलं, उचलणार. आणि त्या क्षणी मी खरोखर ओरडले, "उचल!" पण पोरानं कंबर खाली घेतली, छातीनं रेटलं, आणि त्या पट्टीवाल्या पायाची टाच गोलाच्या बाहेर मातीत उमटली. संपलं. कडेवरून तो खाली कोसळणार तेवढ्यात पोरानंच त्याला कमरेला धरून सावरलं. मग दोघं आपापल्या जागी गेले, वाकले, आणि म्हातारा गडी खाली उतरून निघून गेला.

अजिंक्ययामा सात जिंकले, आठ हरले.

आत्या हुंदके द्यायला लागल्या. सुजित उठून तात्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसले. "तात्या, अहो खेळ आहे तो. हे आपण धरायचंच नाही. उद्या शटर उघडू, मी येतो बरोबर."

"गप बस जरा," तात्या म्हणाले.

त्यांनी टॅबलेट मांडीवर घेतला आणि माझे अंदाज वाचायला सुरुवात केली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकेका नावावर बोट ठेवून. मध्ये थांबून मागं जायचे. मला कळत होतं ते काय शोधतायत. कुठं तरी मी खोटं खेळले असेन, तर ते त्यांना सापडणार होतं. तेवढा त्यांचा डोळा आता नक्कीच तयार होता.

"ह्या पोराला का लावलंस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तो सोडत नाही कुणाला. म्हणून."

"समद्या जगानं म्हाताऱ्याला लावलं."

"हो. मलाही तो जिंकायला हवा होता, तात्या." एवढं बोलून माझं अवसान संपलं, आणि मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडले. "मला तुम्हीच जिंकायला हवे होता."

तात्यांचेही डोळे भरले होते. त्यांनी डाव्या हातानं माझ्या डोक्यावर थोपटलं. थोपटलं कसलं, टपलीच मारली.

"रडतीस काय? जिंकलीयस तू." मग सुजितकडं वळून म्हणाले, "कागद आण."

"तात्या..."

"आण म्हणतो ना. मी शब्द दिलता."

सुजितनी कपाटातून कागद आणले. तात्यांनी चष्मा सारखा केला आणि मोबाइलवाल्याच्या नावाशी येऊन थांबले.

"हे चुकलंय."

"काय चुकलं?"

"मी हरलो तर दुकानावरचा हक्क सोडंन म्हणालो हुतो. ह्याला देईन म्हणालो हुतो का? मी सोडलं. आता हिच्या नावानं कर."

आत्यांचं रडणं मध्येच थांबलं.

"माझ्या?" मी म्हणाले.

"तुझ्या."

"अहो पण तिला काच कापता येते का?" सुजित म्हणाले. "फ्रेमचं लाकूड ओळखता येतं का?"

"न्हाई येत. ते शिकवता येतं." तात्या दम खायला थांबले. लांब बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ जड व्हायची. "दुकानात निम्मी माणसं कुणाच्या तेराव्याच्या आत फोटो पायजे म्हणून येतात. गेलेल्याचा फोटो आणतात, त्यात माणूस वळखू येत न्हाई. डोळं रडून सुजल्यालं असतात. त्यांना सांगावं लागतं, बाबा, ह्यो फोटो चांगला न्हाई, घरी जाऊन दुसरा शोध. आपण दयेपोटी बरा हाय म्हणलं, की त्यो फोटो जन्मभर भिंतीवर बसतो. तुला जमंल का ते सांगायला, सुजित?"

सुजितनी मान खाली घातली.

"तुझ्या आईला?"

आत्यांनी पदर तोंडाला लावला. या वेळी त्यामागं त्या थोड्या हसत होत्या, असं मला वाटलं.

"मग? उरली ही."

मला काय वाटलं ते सांगते. भीती वाटली. पैशाची, काचेची, गिऱ्हाइकाची, सगळ्याची. आणि त्या सगळ्यावरून उडी मारून एक आनंद वर आला. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, पण या घरात कुणी माझ्यावर इतकं मोठं ओझं टाकलं नव्हतं. मी म्हणाले, "चालवीन."

याला आता नऊ वर्षं झाली. दुकान आहे, मी चालवते, आणि पाटीवर तात्यांचंच नाव आहे. ते तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांचा फोटो मी निवडला, आणि सुजितनी चौथा आणल्यावर तो माझ्या पसंतीस उतरला.

पण मला आठवते ती दुकान उघडल्यानंतरची पहिली सकाळ. तात्या रिक्षातून उतरले, काठी टेकत आले आणि गल्ल्याच्या बाहेर, गिऱ्हाइकाच्या बाकावर बसले. मी आत या म्हणाले तर मान हलवली. "मी हरल्याला गडी," म्हणाले. "बाहेरनं सांगीन." त्यानंतर काच कापायचा हिरा त्यांनी एकदाही हातात घेतला नाही, आणि घ्या असं मीही कधी म्हणाले नाही.

त्या सकाळी त्यांनी मला टेबलावर घोंगडी अंथरायला लावली. त्यावर काच आडवी ठेवली, पट्टी लावली, हिरा रॉकेलात बुडवला.

"एकदाच वढायचा. वरनं खाली. मधी थांबायचं न्हाई, मागं फिरवायचा न्हाई. भ्यालीस की काच वळखती."

पहिली काच तिरकी फुटली. दुसरीचा कोपरा उडाला. तिसरीला बोट कापलं, ते चोखून मी चौथी घेतली. चौथीवर हिरा ओढला, ती टेबलाच्या कडेवर दाबली, आणि कट्‌ असा सरळ आवाज येऊन काच दोन झाली. माझ्या अंगावर काटा आला.

आत्या चहाचा थर्मास घेऊन तेवढ्यात आल्या होत्या. "अगं बाई, पहिल्याच दिवशी!" त्या म्हणाल्या. "काय सुरेख कापलीस गं!"

मी काच उचलून बाकावर तात्यांकडं दिली. त्यांनी ती डाव्या हातात उजेडासमोर धरली. एक डोळा मिटून तिच्या कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, उलटी करून पुन्हा बघितलं.

"न्हाई जमलं," तात्या म्हणाले. "दुसरी घे."